परातीतली विहीर

नव्वदच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याच्या घरी शकूअक्काचा निरोप आला, "सुरेखा हीर पुजणार हाय, तुझं ते पांढरं पीठ घिऊन ये." अक्का माझी मावसबहीण, विट्याच्या पुढच्या एका वस्तीवर दिलेली. सुरेखा तिची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ झाल्यावर बाळंतिणीनं विहीर पुजायची, हा आमच्याकडचा रिवाज. पीठ म्हणजे मी संशोधनासाठी वापरत होते ती टायटॅनियम डायऑक्साइडची पूड. तिचे कण इतके बारीक, की त्यांच्यासाठीचा 'नॅनो' हा शब्द आमच्याकडे तेव्हा नवाच होता. उन्हात ती पाण्यातला रंग मोडते.

त्या बाजूला जाणार असाल तर सकाळची एसटी धरा. मी औंधमार्गे गेले. स्टँडवर भजी खाल्ली, यमाईला खालूनच हात जोडले. तिकीट स्वस्त होतं, पण खड्ड्यांनी वसुली केली. विट्याहून पुढे वडाप. जीपमध्ये माणसं कोंबल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "सरका की वाईच, अजून लय जागा हाय."

वस्तीवर उतरले तर वास आधी आला. अक्काच्या विहिरीच्या वर सूत रंगवायची शेड झाली होती. तिचं पाणी ओढ्यात जायचं आणि ओढ्यातून विहिरीत झिरपायचं. पोहऱ्यात जांभळं पाणी आलं. फौजेतल्या दाजींनी सुट्टीला येऊन स्वतः खणलेली ही विहीर! मला रडूच आलं.

"शेजारच्या हिरीवर जा म्हणत्यात समदी," अक्का म्हणाली. "आपली असताना लेकीनं दुसऱ्याची हीर का पुजायची गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोठ्या परातीत ते पाणी ओतलं, पूड घातली आणि अंगणात ठेवली. मी ढवळत बसले. बाया येऊन बघून जात होत्या. उन्हं कलेपर्यंत जांभळ्याचं फिकं, फिक्याचं नुसतं दुधाळ झालं. पूड खाली बसू दिली, वरचं पाणी कळशीत काढलं. नितळ!

"आगं बया!" अक्का टाळ्या पिटत म्हणाली. "मग टाक की समदं पीठ हिरीत!"

"अक्का, ऊन लागतं त्याला. हिरीत खोल कुठलं ऊन?"

"बाराला पडतंय की."

"वरवर पडतं. आणि शेड चालू आहे तोवर रोज नवा रंग येणार."

ती कळशीत डोकावली. मग हळूच म्हणाली, "हे तरी बाळाच्या तोंडाला लावू?"

"नको गं. रंग गेला म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं असं नाही."

हे बोलताना माझी मलाच चीड आली. एवढं शिकून बहिणीला द्यायला माझ्याकडे एक कळशी पाणी होतं, तेही न पिण्याजोगं.

अक्कानं कळशी विहिरीच्या काठावर ठेवली. सुरेखानं बाळाला पोटाशी धरून हळदीकुंकू वाहिलं, पाच खडे मांडले, ओटी भरली. रिवाजाप्रमाणे भरलेली कळशी डोक्यावर घेऊन घरी यायचं असतं. सुरेखा वाकली, तर अक्कानं तिचा हात धरला. कळशी उचलून विहिरीत उपडी केली.

"तिचं तिला," म्हणाली. नितळ पाणी खाली पडलं आणि जांभळ्यात जांभळं झालं. सुरेखा रिकामी कळशी घेऊन घरी आली.

निघताना अक्कानं भाकरी, ठेचा बांधून दिला. जीपच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "हिरीत ऊन न्यायची कायतरी युक्ती काढ गं. ह्यांस्नी कळवलं न्हाई अजून."

साताऱ्याला येऊन मी पुन्हा प्रयोगाला लागले. काचपात्रातलं पाणी दर वेळी स्वच्छ व्हायचं, लोक वा म्हणायचे, आणि मला अक्काचा उपडा हात दिसायचा. अजूनही दिसतो.

युक्ती निघायच्या आत दाजी फौजेतून कायमचे घरी आले. विहिरीत एकदा डोकावून पाहिलं. खणताना निघालेली माती आणि मुरूम अजून बांधाला पडून होता. तोच पाटीपाटीनं आणून त्यांनी विहीर बुजवली. आता तिथं दिवसभर ऊन असतं.