बारा खोल्यांचे काळे नळ

गोजरबाई साळवे आमच्या लॉजवर सतरा वर्षं बाथरूम धूत होत्या. लॉज शिंगणापूरच्या रस्त्यावर आहे. चाळीस खोल्या, म्हणजे चाळीस बेसिन, आणि नळ तर मोजायलाच नकोत. मी माधुरी, तिथे काउंटरवर बसते. त्यांच्याविषयी सांगण्याचा मला कितपत हक्क आहे, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

आमच्या बोअरचं पाणी लई वाईट. नळाच्या बुडाशी पांढरा थर धरतो तो दगडासारखा, शॉवरची भोकं महिन्यात बुजतात, आणि नळ ठिबकत असला की बेसिनमध्ये तांबूस ओघळ उमटतो. त्यात भाविक देवाला तेल वाहून येतात आणि तेच हात बेसिनमध्ये धुतात. दुपारपर्यंत पांढऱ्या भांड्याला काळं चिकट कडं पडलेलं असतं.

गोजरबाई या सगळ्याला वैतागत नसत. आधी कोरड्या कागदानं तेल टिपून घ्यायच्या, मग गरम पाणी आणि सोडा. थर काढायला किराणा दुकानातून लिंबूसत्व आणायच्या, कोमट पाण्यात विरघळवून जुन्या धोतराच्या चिंध्या त्यात भिजवायच्या आणि नळाच्या बुडाशी गुंडाळून ठेवायच्या. तासाभरानं चिंधी सोडली की थर मऊ पडलेला असे. मग जुना टूथब्रश. शेवटी कोरडं फडकं, त्याशिवाय खोलीतून बाहेर पाऊल नाही.

एकदा मी विचारलं, "मावशी, धुतलेलंच परत कशाला पुसता?"

"अगं, पान्याचा डाग पडत न्हाई. वाळलेल्या पान्याचा पडतो," त्या म्हणाल्या. "वाळूच दिलं न्हाई तर मागनं घासायची पाळी येत न्हाई."

सातवी शिकलेल्या होत्या. ब्लीचिंगच्या पिशवीवरचं बारीक अक्षर त्या चष्मा लावून वाचत. त्या जे बेसिन स्वच्छ ठेवत त्यात आम्ही तोंड धूत होतो, पण चहाच्या वेळी त्यांचा कप आमच्या कपांत नसायचा. खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. कुणी ठरवलं होतं ठाऊक नाही. मी आले तेव्हा तो तिथेच होता आणि मी तो हलवला नाही.

मालक श्रीमंतराव. दोन वर्षांपूर्वी त्यांचा पुतण्या अमृत हॉटेलचा कोर्स करून आला आणि कारभार पाहायला लागला. त्यानं पहिल्या मजल्यावरच्या बारा खोल्या नव्या केल्या. काळ्या रंगाचे नळ, काळे शॉवर, काचेसारखी चकचकीत बेसिन. खोल्यांचे फोटो मोबाईलवर टाकले. आणि महिनाभरात त्या काळ्या नळांवर पाण्याचे पांढरे ठिपके दिसायला लागले.

शनी अमावास्या चार दिवसांवर आली होती. अमृतनं गोजरबाईंना काउंटरपाशी बोलावलं. समोर ॲसिडचा कॅन ठेवला.

"चिंध्या गुंडाळत बसायला वेळ नाहीय. हे मारा, पाच मिनिटांत साफ."

"दादा, संडासाला चालंल. ह्या नळांना नगं. रंग जाईल, खाली पिवळं पडंल. मी सकाळ-संध्याकाळ पुसते, चार दिसांत ठिपका ऱ्हायचा न्हाई."

"तुम्ही मला शिकवू नका."

"शिकवत न्हाई. मी न्हाई लावनार, येवढंच सांगते."

त्या वर निघून गेल्या. अमृतचा चेहरा लाल झाला. त्यानं माझ्याकडे बारा खोल्यांच्या किल्ल्या मागितल्या. मी दिल्या. कॅन उचलून तो स्वतः जिना चढला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

गोजरबाईंनी त्या दिवशी सगळ्या मोऱ्यांत ब्लीचिंग पावडर टाकून ठेवली होती. दर अमावास्येआधी टाकत. अमृत प्रत्येक खोलीत नळावर ॲसिड ओतत गेला, ते बेसिनमधून, फरशीवरून वाहत खाली पावडरीवर गेलं. दोन्ही मिळून विषारी वायू सुटतो, हे त्याला कळलंही नसावं. वास घशाला लागला तसा तो शेवटच्या खोलीतून पळत बाहेर आला. गोजरबाई समोरच्या खोलीत होत्या. खोकल्याचा आवाज ऐकून त्यांना वाटलं, आत कुणीतरी अडकलंय. त्या आत गेल्या. खिडकी उघडली. तेवढं झाल्यावर त्यांना दाराशी येता आलं नाही.

आम्ही त्यांना टेम्पोत घालून नगरला नेलं. नऊ दिवस दवाखान्यात होत्या. वाचल्या, पण आवाज गेला तो गेलाच. घोगरा, फाटका आवाज उरला, आणि दहा पावलं चाललं की धाप.

इकडे बाराही खोल्यांचे नळ सोलल्यासारखे झाले होते. काळा रंग पापुद्र्यासारखा उडून खाली पिवळं पितळ दिसत होतं. श्रीमंतरावांनी सगळ्यांना ऑफिसात उभं केलं. अमृत म्हणाला, "बाईनं ॲसिड आणि पावडर एकत्र केलं. अडाणी माणसाच्या हातात देऊ नये असं काही."

श्रीमंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. "तू काउंटरवर होतीस. कॅन कोणी वर नेला?"

माझ्या नवऱ्याचं काम तेव्हा सुटलं होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही, त्या क्षणी डोक्यात काय आलं ते सांगते. मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

बस, एवढं पुरलं. दवाखान्यातून सुटल्यावर गोजरबाईंना निरोप गेला की कामावर येऊ नका.

सहा महिन्यांत लॉज ओळखू येईनासं झालं. नव्या लागलेल्या बाया आठवड्यात सोडून जात. बेसिनला काळी कडी, नळांना थर, तांबूस ओघळ जाडच्या जाड. लोक खोली बघून परत जायला लागले. शेवटी श्रीमंतरावांनी मला गोजरबाईंच्या गावी, घोडेगावला पाठवलं, त्यांना बोलवायला.

त्या दारात डाळ निवडत होत्या. मला बसायला चटई टाकली, सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी निरोप दिला. त्यांनी हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"माधुरी, कॅन कुनी नेला, तुला ठाव हुतं ना?"

"हो, मावशी."

"मग बोलली का न्हाईस?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्यांनी धाप आवरली.

"काम मी करीन. जिना चढवंना, पन बसून दुसऱ्या बाईला शिकवीन. शेठला सांग, ज्यांच्यासमोर मला अडानी म्हनलं, त्या सगळ्यांसमोर सांगा की गोजरबाईची चूक नव्हती. दुसरं काय नगं."

परतताना मी ठरवलं की या वेळी गप्प बसायचं नाही. ऑफिसात गेले, दार लावलं आणि सगळं सांगितलं. किल्ल्या मी दिल्या, कॅन अमृतनं नेला, मी तेव्हा खोटं बोलले. वाटलं, आता एक तर मला काढतील, नाहीतर निदान चिडतील.

श्रीमंतराव चष्मा पुसत होते. "मला तेव्हाच माहीत होतं," ते म्हणाले. "त्याच्या पँटला भोकं पडली होती ॲसिडची. घरचा पोरगा आहे, काय करायचं?"

"मग मावशींना..."

"बाथरूम धुणाऱ्या बाईची माफी चारचौघांत मागू? जा, काउंटर बघ."

पुढच्या आठवड्यात नगरहून साफसफाईची माणसं आली. मशीन, गणवेश, हातमोजे. त्यांच्याही बाटल्यांत तेच ॲसिड निघालं. डाग गेले आणि बेसिनची चकाकीही गेली. आता त्या खरखरीत भांड्यांवर डाग पूर्वीपेक्षा लवकर बसतो आणि घासून निघत नाही. अमृतनं बेसिन पुन्हा बदलायला काढली आहेत.

मी अजून काउंटरवरच आहे. मला काढलं नाही. ज्यानं सगळं माहीत असून माणूस घालवला, त्याला माझ्या कबुलीचं कसलं भय?

गोजरबाई कधी सोनईच्या बाजारात दिसतात, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चाललेल्या, मधे मधे थांबत. मागच्या खेपेला मी पुढे होऊन म्हणाले, "मावशी, मी शेठना खरं सांगितलं."

"कवा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, घोडेगावहून परतले त्या दिवशी, ऑफिसाचं दार लावून. त्यांनी मान हलवली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि भाजीवाल्याकडे वळल्या.