प्लग माझ्या हातात हुता

आधी ऐकून घ्या, मग हसा. आमच्या घरात देव्हारा न्हाई. छप्पनला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवा बापानं घरातले देव नदीत सोडले, मी त्याच्यासंगं काठावर उभा हुतो. तवापासून अंगारा, उतारा, भूतखेत ह्यातलं काय बी मी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाई. वडाखाली बाया घुमायच्या, तिथं मी मुद्दाम जाऊन बिडी ओढायचो. तिसरी शिकलोय, पण डोकं कुठं गहाण टाकलेलं न्हाई. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली... लाज वाटत हुती.

गाव तिसगाव, तालुका पाथर्डी. नव्व्याण्णव सालचा डिसेंबर. माझी लेक सुजाता सासर सोडून घरी आलेली. नवरा हात उचलायचा, एवढंच लिहितो. तिनं गळ्यातलं सोनं मोडून नगरहून जुना कॉम्प्युटर आणला. जानेवारीपासून पोरींचा क्लास काढायचा ठरलेलं, नावं बी आली हुती. सासू निरोप धाडायची, "ते डबडं बंद पडलं की येईल गपगुमान." आमची भावकी बी तेच बोलायची — पोरगी दिल्या घरीच बरी. म्हंजे ते यंत्र मेलं असतं तर पोरीला परत मार खायला जावं लागलं असतं. भावकीपुढं माझं एकट्याचं किती चाललं असतं... सांगता येत न्हाई.

नगरचा दुकानदार म्हणाला, दोन हजार साल लागलं की तुमचं मशीन एकोणीसशे दाखवंल, बायोस अपडेट करून घ्या. एक फ्लॉपी दिली त्यानं.

"हे काय नवीन?" मी पोरीला इचारलं.

"आबा, बटण दाबलं की मशीनला आधी स्वतःची ओळख लागते. मी कोण, माझ्यात काय काय आहे. ते एका चिपवर लिहिलेलं असतं. ते पुसून नवं लिहायचं."

"आन मधीच थांबलं तर?"

"मग जुनं पुसलेलं, नवं अर्धवट. मशीन परत उठतच नाही."

"म्हंजे लाईट जायला नको."

"हो. आणि तुम्ही कशाला हात लावायचा नाही."

बॅटरीवाला यूपीएस आमच्याकडं नव्हता. भिंतीतल्या प्लगातून वायर स्टॅबिलायझरला, आन त्याच्यावर सगळं. लाईट गेली की स्टॅबिलायझर बी गेला. म्हणून मी वायरमनला गाठून इचारलं, दुपारची लाईट जाणार का? तो म्हणतो, "का वं आबा, लग्न हाय का घरात? न्हाई जात. बिनघोर ऱ्हावा."

भर दुपार हुती. दारं उघडी, ऊन पार घरात आलेलं. सुजातानं फ्लॉपी घातली, कायतरी टाईप केलं. काळ्या पडद्यावर पांढरी पट्टी मुंगीसारखी सरकायला लागली. पोरीनं पदर मुठीत धरलेला. मी खाटंवर. समोर मथुराबाईची पिठाची गिरणी धडधडत हुती.

पट्टी निम्म्याला बी आली नव्हती, आन गिरणीचा आवाज बसत बसत बंद झाला. डोक्यावरचा पंखा थांबला.

लाईट गेली.

आता आमच्याकडची रीत सांगतो. गेलेली लाईट येताना झटका देऊन येती, मोटरी जळत्यात, टीव्ही जळत्यात. म्हणून लाईट गेली की पहिला प्लग उपसायचा. इतकी वर्षं तेच केलेलं, हात मला इचारीत न्हाई. मी उठलो आन भिंतीतला प्लग ओढला.

"आबा!"

मी वळलो. म्हणणार हुतो, गेलेलीच हाय की, आता काय फरक पडतो. पण पोरगी माझ्याकडं बघतच नव्हती.

पट्टी सरकत हुती.

स्टॅबिलायझरचा दिवा इझलेला, काटा शून्यावर पडलेला. प्लग माझ्या मुठीत. आन डब्यातला बारका पंखा घुर्रर्र करीत चाललेला...

मथुराबाई दारात आली. "आबा, तुमची बी गेली का वं? माझं अर्धं दळण—" तिथंच थांबली. "आगं बया! तुमच्याकडं हाय की!"

"न्हाई," मी म्हणालो आन प्लग वर करून दाखवला.

"आवो, मग ते कशावर चाललंय?"

"गप बसा दोघं," सुजाता कुजबुजली.

मला प्लग खाली ठेवता येईना. वाटलं, ठेवला की थांबंल. मी! असलं मला वाटलं! पट्टी टोकाला पोचली, खाली इंग्रजीत एक ओळ आली. पोरगी म्हणाली, "झालं." तिचा शब्द संपतोय तवर पडदा काळा झाला. पंखा गप.

मथुराबाई उंबऱ्यावरच बसली.

सांजच्याला लाईट आली. मला प्लग लावायचं धाडस होईना, सुजातानंच लावला. बटण दाबलं... टीक वाजलं, मशीन उठलं. तिनं दोन हजार साल टाकून बघितलं, मशीननं घेतलं. मग पोरगी टेबलावर डोकं टेकून लई रडली.

दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "लाईट लगेच आली असंल."

"आली तरी काय? प्लग माझ्या हातात हुता."

"मग आत थोडा करंट राहिला असंल."

"किती येळ ऱ्हातो?"

"डोळ्याची पापणी पडंस्तवर," म्हणाला, आन मग त्याचं हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी मथुराबाई हळद-कुंकू आन नारळ घेऊन हजर. "आबा, यंत्रात कायतरी हाय. एवढा वाढवू द्या."

"तुझ्या गिरणीवर वाढव. हितं न्हाई."

"मग तुमीच सांगा, कशावर चाललं?"

माझ्याकडं कुणालाबी द्यायला उत्तर असायचंच, गावाला ठावं हाय. त्या दिवशी मी तिचा नारळ तिच्या हातात परत दिला.

जानेवारीत क्लास सुरू झाला. ओटीवर पोरींच्या चपलांचा ढीग बघून भावकी गप बसली, सासूचे निरोप बंद झाले. सुजाता परत गेली न्हाई.

शिकल्या-सवरल्यांपैकी कुणाला खरं कारण ठावं असंल तर जरूर लिहा. आत्मा, दैवी शक्ती असलं लिहू नका, मी वाचणार न्हाई. मला आजवर उत्तर सापडलेलं न्हाई. आन नारळ बी फुटलेला न्हाई.