तात्यांची वीत

तात्या गेले तेव्हा मी वरकुट्याला लेकीकडे होते. सकाळी मुलाचा फोन आला, "आई, तात्या गेलं गं." मी विचारलं, "धारा झाल्या का?" लेक माझ्याकडे बघतच राहिली. पण मी आधी गेले असते, तर तात्यांनीही पहिलं हेच विचारलं असतं. गाईच्या कासेला कुणाचं मरण कळत नाही. आता महिना होऊन गेला. रडणाऱ्यांनी रडून घेतलं. मी चौथी शिकलेली बाई, मला सजवून सांगता येत नाही. जे झालं ते सांगते.

तात्या माझे धाकटे दीर. पणदऱ्याला आमची घरं एकाच अंगणात, गोठाही एकच. सासऱ्यांच्या काळात घरात मेंढरं होती. पुढे मेंढरं गेली, ऊस आला, गाई आल्या. तात्या शाळेत आठवडाभरसुद्धा टिकले नाहीत, पण जनावराचं वजन सांगावं ते त्यांनीच. पुढच्या पायांच्या मागे, छातीभोवती वीत टाकत जायचे... अंगठा टेकला की करंगळी, करंगळी टेकली की अंगठा. "सात वितीला आठ मण, आठ वितीला अकरा," हे त्यांचं गणित. कुणी शिकवलेलं नव्हतं. तरुणपणी बाजाराला निघालेल्या बैलाला आधी वीत लावायची, मग टेम्पो वजनकाट्यावर रिकामा आणि भरलेला तोलून घ्यायचा, असं त्यांनी कितीतरी वर्षं केलं. काट्याच्या चिठ्ठीवर किलो असायचे. किलो त्यांच्या डोक्यात कधी शिरला नाही. चाळीसचा एक मण धरून मी त्यांना मण करून द्यायची.

पुढे औषधं आली तेव्हा उलटं करावं लागलं, कारण डॉक्टर किलोवर मात्रा सांगायचे. तात्या गोठ्यातून ओरडायचे, "वैनी, अकरा मण!" मी चुलीपाशी बसून सांगायची, "चारशे चाळीस." गावातले लोकही औषध पाजायच्या आधी त्यांना बोलावून न्यायचे आणि येताना माझ्या दारावरून किलो घेऊन जायचे. एकदा मी म्हटलं, "भावजी, माझं वजन सांगा की." तर म्हणाले, "तुमचं सोपं हाय, वैनी. जिभंचं तेवढं येगळं धरावं लागतंय."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी चांदी नुकतीच व्याली होती. तिला जंताचं औषध पाजायचं होतं. तात्यांनी वीत टाकली. साडेआठ भरल्या. "वैनी, तेरा मण!" मी म्हटलं, "पाचशे वीस." व्याल्यापासून गाय वाळली होती, मला दिसत होतं. पण इतकी वर्षं जे खरं ठरलं, त्यापुढे डोळ्यांचं कोण ऐकतो? डॉक्टरांनी फोनवर पाचशे वीसची मात्रा सांगितली, आम्ही पाजली. तासाभरात चांदीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. अंग थरथरलं आणि ती बसली ती उठेना. डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं, छातीला टेप लावली. "काकू, साडेतीनशेच्या वर नाही ही. पाचशे वीस कुणी सांगितलं?" तात्या चांदीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी म्हटलं, "मी. माझा पाढा चुकला." कुणाचं मन राखायला मी आयुष्यात खोटं बोलले नव्हते, नवऱ्याशीही नाही. त्या दिवशी बोलले.

दिवस मावळायच्या आत चांदी उठली. तात्या उठले नाहीत. कुणी बोलवायला आलं की म्हणायचे, "डॉक्टरला बोलवा. माझं काय खरं न्हाय." भाकरी अर्धीच खायचे, ओट्यावर हात काखेत घालून बसायचे. आठ दिवसांनी माझ्या दारात आले. "वैनी, तुमचा पाढा चुकत न्हाय. मला खरं सांगा. आबांगत माझंबी डोस्कं गेलं व्हय?" आबा म्हणजे माझे सासरे. शेवटची दोन वर्षं ते घरातल्या माणसांना ओळखत नव्हते, सकाळी उठून, कधीच विकून टाकलेली मेंढरं शोधायला निघायचे. तात्यांना मरणाची भीती नव्हती. तसं जगायची होती.

मी म्हटलं, "चला, गव्हाण मोजा." ती गव्हाण तात्यांनी स्वतः बांधली होती, स्वतःच्या वितीनं बारा वीत. त्यांनी एका टोकापासून मोजायला सुरुवात केली. चौदा भरल्या. पुन्हा मोजली, तरी चौदा.

"काय भावजी, गव्हाण वाढली का?"

"शिमिट कसं वाढंल?"

"मग काय घटलं?"

तात्यांनी हात डोळ्यांसमोर धरला. वातानं बोटं आत वळली होती. अंगठा पूर्वीसारखा ताणत नव्हता. रोज बघत होतो दोघंही... पण हात आखडला की मापही आखडतं, हे कुणाच्या ध्यानात यायचं? तात्या हसले नाहीत. गव्हाणीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "म्हंजी डोस्कं हाय."

"हाय तेवढं हाय. टेप आणा एक."

"टेपावर इंच असत्यात. इंचाचं मण मला येत न्हाईत, वैनी. ह्या वयात नगं."

मग मी माझी वीत लावून पाहिली. तीही चौदा. माझ्या वितीपुढे त्यांची दोन बोटं ठेवून मोजलं, तेव्हा बरोबर बारा भरल्या. त्यानंतर आम्ही दोघं जायला लागलो. मी वीत टाकायची, तात्या पुढे दोन बोटं ठेवायचे, मग त्यांच्या बोटांपासून माझी पुढची वीत. एका गाईला दोन म्हातारी माणसं लागतात म्हणून लोक हसले, पण बोलवायचे. डॉक्टरांनी एकदा टेप लावून पडताळलं आणि म्हणाले, "तात्या, वीस किलोचा फरक येतोय." तात्या म्हणाले, "शेण टाकू द्या तिला, मग मोजा. जुळंल."

तेराव्यानंतर चांदीच्या कालवडीला औषध पाजायचं निघालं. तात्यांच्या सुनेनं दावं धरलं. मी वीत टाकली आणि करंगळी टेकवून थांबले. सून म्हणाली, "काय झालं, आत्याबाई?" मी म्हटलं, "काही नाही, धरून राहा." आणि गव्हाणीकडे गेले. माझ्या वितीपुढे माझीच दोन बोटं ठेवून मोजलं. बारा वितींत गव्हाणीचं दुसरं टोक गाठता येईना, थोडं उरलंच. माझी बोटं बारीक आहेत. तिसरं बोट लावलं, तेव्हा बारा भरल्या.

तात्यांच्या दोन बोटांना माझी तीन लागतात.