हँडलाला लावलेले ग्रीस

भिंगवाल्यांना गल्लीत खऱ्या नावाने कोणी हाक मारीत नसे. उजव्या डोळ्यावरचे भिंग ते फक्त जेवणापुरते काढीत, म्हणून हे नाव. चाळीस वर्षे त्यांनी मनगटी घड्याळे दुरुस्त केली. घड्याळांचा ओघ आटला, तेव्हा हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम त्यांच्या टेबलावर येऊ लागले. पद्धत मात्र जुनीच राहिली. प्रत्येक यंत्राला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. वरच्या ओळीत तक्रार, खालच्या ओळीत उपाय. दिसलेला दोष गिऱ्हाइकाने सांगितलेला असो वा नसो, तो काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

ही यंत्रे बहुतेक दातांच्या डॉक्टरीणबाईंची असत. दुकानात सहसा न मिळणारे, मोजक्या शौकिनांसाठी बनवलेले गेम जमवण्याचा त्यांना नाद होता. एकदा त्यांनी चार यंत्रे सफाईसाठी आणून दिली, आणि भिंगवाल्यांनी प्रथमच गिऱ्हाइकाकडे काही मागितले: "रविवारी ही ताईकडे नेली तर चालेल का?"

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. नकाशांच्या कचेरीत तिने तीस वर्षे नद्या काढल्या; तिने ओढलेली रेघ कधी दुसऱ्यांदा गिरवावी लागली नाही. गेली दोन वर्षे तिचे हात थरथरत होते. बोटे रोज अर्धा तास कामात ठेवा, नाहीतर वर्षभरात स्वतःच्या कपड्यांच्या गुंड्याही दुसऱ्याकडून लावून घ्याव्या लागतील, असे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावले होते. ताई एकटी राहत होती आणि तिला एकटीनेच राहायचे होते. तरीही त्या बाईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तिने दोन दिवसांत माळ्यावर टाकला. "दाबा, सोडा, दाबा, सोडा! मी काय भोंगा वाजवतेय?"

रविवारी भिंगवाल्यांनी चारही यंत्रे तिच्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली. पहिले काडेपेटीएवढे. दिसायला देखणे, पण बटणे तांदळाच्या दाण्याएवढी. ताईचे एक बोट तीन बटणांवर पडे. दुसरे रुंद, दोन्ही अंगठ्यांखाली फिरती दांडी असलेले. त्या दांडीला नुसता श्वास लागला तरी कळे, त्यामुळे पडद्यावरचा शिपाई ताईबरोबर थरथरत कड्यावरून खाली गेला. तिसरे डबीसारखे उघडणारे, अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण असलेले. ते दाबले की स्पष्ट टिकटिक होई. ताईला ते आवडले, पण एकदा दाबायला जावे तर दोनदा दाबले जाई.

चौथे सर्वांत विचित्र. चौकोनी, रंगहीन पडद्याचे, आणि उजव्या बाजूला विहिरीच्या रहाटासारखे एक चिमुकले हँडल. ते फिरवून अरुंद नदीतून नाव न्यायची. पडद्यावर नदी दिसताच ताई पुढे सरकली. पण हँडल इतके मोकळे, की तिच्या हाताचा प्रत्येक कंप नावेला लागे. दुसऱ्या वळणावर नाव बुडाली. ताईने यंत्र उलटे ठेवले.

"हे शेवटचं, धाकट्या. माझे हात थरथरतात हे मला खेळण्याने सांगायला नको."

सोमवारी भिंगवाल्यांनी ते चौथे यंत्र उघडले. घड्याळजीच्या लेखी, जी चावी हाताला काही न जाणवता फिरते ती आजारी. त्यांनी हँडलाच्या दांड्याला घड्याळातल्या स्प्रिंगच्या डबीत वापरतात ते दाट ग्रीस कणभर लावले. हँडल संथ, भारदस्त फिरू लागले. चिठ्ठीवर त्यांनी लिहिले: "हँडल सैल. घट्ट केले."

बुधवारी व्यायामाच्या बाईंकडून परतताना ताई नेहमीप्रमाणे दुकानात टेकली होती, तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी हँडल फिरवले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, हे जड कसं झालं?"

"सैल होतं. घट्ट केलं."

"ते सैलच असतं हो! गरगर फिरवायचं असतं. तुम्ही काय त्याला चावी भरायला निघालात?"

भिंगवाल्यांचे कान लाल झाले. केलेले काम काउंटरवरून परत येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. ग्रीस धुऊन देतो म्हणत ते द्रावणाची बाटली शोधायला वळले.

"बघू तरी काय बिघडवलंस," म्हणून ताईने यंत्र उचलले.

बाटली हाती घेऊन ते वळले, तेव्हा नाव दुसरे वळण ओलांडून गेली होती. ताईचा हात थरथरतच होता, पण बारीक कंप त्या दाट ग्रीसमध्येच जिरत होते. हँडल हलत होते ते तिने मनापासून फिरवले तेवढेच. तिसरे वळण आले. तेही गेले.

"भिंगवाले," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "ती बाटली ठेवा जागेवर. ताई, हे तुमच्याकडेच राहू द्या."

"मला कोणाचे उपकार नकोत," ताई मान वर न करता म्हणाली.

"उपकार कसले? माझी नाव तिसऱ्या वळणावर बुडते, दर वेळी. पुढे काय आहे ते मला सांगत जा म्हणजे झालं."

"पुढे? पुढे चुकाच चुका. एवढं वळण घेतल्यावर आतल्या अंगाला वाळू साठते, कडा कशी उभी राहील? काढणाऱ्यानं जन्मात नदी पाहिली नसावी." हँडल फिरतच होते. "आणखी कुठे कुठे चुकलाय ते बघायलाच हवं. धाकट्या, अर्धा तास झाला की सांग रे."

समोरच्या भिंतीवर अकरा घड्याळे होती आणि अकराही बरोबर वेळ दाखवत होती. बघता बघता चाळीस मिनिटे होऊन गेली. भिंगवाल्यांनी डोळ्यावरचे भिंग काढून खिशात ठेवले आणि घड्याळांकडे पाठ करून ते ताईची नाव बघत बसले.