विहिरीचा डोंगर

संगणकावर आलेख काढण्यासाठी एक लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे, कुणीही फुकट घेऊन आपल्या कामात वापरावा असा तयार कोड. तिच्यातला त्रिमितीचा भाग मी जालन्यात बसून सांभाळते. पगार नाही. जगभरचे लोक मात्र हक्कानं कटकट करतात आणि मीही करवादत का होईना, त्यांचं काम करून देते.

त्या भागात एक जुनी खोड होती. एका प्रकारच्या आलेखात उभा अक्ष उलटा निघायचा. आकडा वाढला की चित्र वर जायच्या ऐवजी खाली. डोंगर मोजणारी मंडळी वैतागली होती, त्यांची शिखरं खड्ड्यात जात होती.

केदारखेड्याच्या माझ्या मामांना मात्र ही खोड वाटलीच नाही. मामा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. गावातल्या विहिरींत दोर सोडून पाणी किती खाली आहे ते मोजायचे आणि मी शिकवलं तसा त्याचा आलेख काढायचे. विहिरीचं पाणी आपल्याकडे कुणी उणे चाळीस फूट सांगत नाही. चाळीस म्हटलं की ते खालीच. मामाही साधा चाळीस लिहायचे. उलटा अक्ष त्यांना बरोबर चित्र दाखवायचा, मग तक्रार कशाला करतील?

गावासाठी बोअर घ्यायचा होता. सार्वजनिक विहिरीला लागूनच घ्या, असा बऱ्याच जणांचा हट्ट. तिथलं पाणी आधीच सगळ्यांत खोल गेलंय, बोअर घेतला तर विहीर आटेल, हे मामांना ग्रामसभेत चित्र दाखवून पटवायचं होतं.

नेमका त्याच आठवड्यात मी अक्ष सरळ केला आणि लायब्ररीची नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली. बदल बरोबर होता. आजही मी तोच करीन, आणि हेच मला सगळ्यांत जास्त टोचतं.

सभेत काय झालं ते मामींनी फोनवर सांगितलं. पडद्यावर विहिरीच्या जागी हा एवढा उंच डोंगर उभा राहिला.

"गुरुजी, पाणी तर इथंच वर आलंय की," एकजण म्हणाला. "मंग इथंच घ्या बोअर."

मामा "न्हाई, न्हाई, हे उलटं झालंय" म्हणत राहिले. लोक हसले आणि ठराव झाला.

सुट्टी काढून मी केदारखेड्याला गेले. मामांच्या कोडमधली एक ओळ बदलली आणि डोंगर पुन्हा खाली वळला. तोवर विहिरीजवळ बोअरची गाडी लागली होती, घरात बसून तिचा आवाज ऐकू येत होता. मी चिडलेच.

"सभेच्या तोंडावर नवीन आवृत्ती घ्यायचीच कशाला, मामा? जुनं चाललं होतं ना?"

"तुझं नाव होतं की त्यात, बाई," मामा म्हणाले. "तू केलंय म्हणल्यावर तपासायचं काय? जल्दी जल्दी घेऊन टाकलं."

मी लॅपटॉप बंद केला.

होळीच्या आत विहीर आटली. बोअरची जागा गुरुजींनीच चित्र काढून दाखवली होती, असं आता गाव सांगतं. मामा ते ऐकून घेतात.