नाडी लावलेला एप्रन

शिबिराला येताना गेलेल्या माणसाची एखादी वस्तू मुलासोबत पाठवा, असा निरोप मोबाईलवर आला. आमच्याकडे वस्तू नव्हतीच.

मुलीचे बाबा शिर्डीतल्या एका हॉटेलात आचारी होते. मी तिथेच लाँड्रीत चादरी धुते. तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. त्यांना गोंदियाकडे, आमच्या गावी नेलं. तिथल्या रीतीप्रमाणे कपडे, अंथरूण-पांघरूण सगळं नदीवर सोडून दिलं. मोबाईल दिरांनी ठेवून घेतला. मी सहावीत शाळा सोडलेली बाई, चार माणसं सांगतील तसं करत गेले. मुलीला घेऊन परत शिर्डीला आले तर मालकांनी खोलीही ठेवली, कामही ठेवलं. त्यांचे उपकार कसे विसरू? पण नऊ वर्षांची ती पोर बापाचं नावच काढत नव्हती. रडली नाही, काही विचारलं नाही. मला रात्रंदिवस तीच धास्ती. शेवटी तिच्या शाळेतल्या बाईंनी हे शिबिर सुचवलं. घरातलं कोणी गेलेल्या मुलांसाठी, शनिवार-रविवार, कर्जतकडच्या एका शाळेत.

मग मला एप्रन आठवला. ते आजारी पडले तेव्हा त्यांचा एप्रन धुण्यात पडलेला होता, म्हणून तेवढा वाचला. तसे सगळे एप्रन सारखेच, पण त्यांच्या एप्रनचा बंद तुटला होता आणि त्यांनी तिथे माझ्या परकराची लाल नाडी शिवली होती. आता तो नवा आचारी घालत होता. माझ्याच हातून धुऊन जायचा. हॉटेलची वस्तू, मागायची कशी? मी भटारखान्याच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. शेवटी त्यानेच विचारलं, काय वहिनी, काही पाहिजे का. मी सांगितलं. तो श्रीगोंद्याकडचा, बोलायला मोकळा. उभ्याउभ्या त्याने गाठ सोडली.

"परकराची नाडी व्हय ही? तरीच ही पोरं माझ्याकडं बघून हसत्यात. आन् मला वाटायचं, भाजी बिघडली."

बऱ्याच दिवसांनी मी हसले.

खोलीवर आणून पाहिला तर हळदीचे डाग, तेल, दुसऱ्या माणसाचा घाम. शिकलेल्या लोकांपुढे पोरगी हे काढणार? मी तो सोडा घालून गरम पाण्यात भिजवला, घासला, नीळ दिली, इस्त्री केली. माझ्या हाताला तेवढंच येतं. पांढराशुभ्र झाला. तिच्या पिशवीत ठेवताना वाटलं, चला, एक तरी गोष्ट नीट झाली. शनिवारी सकाळी शिबिराची गाडी येऊन तिला घेऊन गेली.

रविवारी दुपारी पालकांना बोलावलं होतं. एसटी बदलत, विचारत विचारत पोचले. व्हरांड्यात सतरंजीवर मुलं गोल करून बसली होती. एका मुलाने आजीचा चष्मा आणला होता, एकीने भावाची चप्पल. जमेल तेवढं बोलत होती. शिबिराच्या ताई मध्ये बोलत नव्हत्या.

माझ्या मुलीचा नंबर आला. तिने एप्रनची घडी मोडली आणि त्यात तोंड खुपसलं.

तेव्हा मला आठवलं. आमची खोली हॉटेलच्या मागेच, त्यामुळे ते एप्रन न काढताच घरी यायचे. ही त्यांच्या पोटात नाक खुपसायची आणि आज हॉटेलात काय केलं ते ओळखायची. मेथी. कढी. भजी. चुकली की ते म्हणायचे, नाक सर्व्हिसिंगला टाकावं लागतंय तुझं.

ती हुंगत राहिली. इकडून, तिकडून, नाडीपाशी.

"आज काहीच नाही केलं," ती म्हणाली.

बाकी कोणाला काही समजलं नाही. मला समजलं, आणि मी सतरंजीच्या कडेला नुसती बसून राहिले. नंतर ताईंना सगळं सांगितलं तर म्हणाल्या, तुमचं काही चुकलं नाही. रडली तर रडू द्या, थांबवू नका. फार चांगली माणसं. पण धुऊन गेलेला वास त्या तरी कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी एप्रन पुन्हा आचाऱ्याकडे नेला. थोडे दिवस घाला म्हटलं, कशासाठी तेही सांगितलं. या खेपेला त्याने चेष्टा केली नाही.

"घालतो की, वहिनी. पन हात माझा हाय. त्यांचा वास कुठून येनार?"

असू द्या, म्हटलं. आठवडाभर तो एप्रन मी धुण्यात येऊ दिला नाही. मग तसाच तेलकट घरी आणला. मुलगी अभ्यास करत होती. तिने नाक लावलं.

"वांगं." मग पुन्हा हुंगलं. "पण हे बाबांनी नाही केलं."

आणि ती रडायला लागली. मी थांबवलं नाही. थांबवता आलंही नसतं. एप्रन तिच्या मांडीवर होता, आणि मी नाडीचं एक टोक हातात धरून तिच्या शेजारी बसले होते.