चौंडक्याला तात का तार

गोदा गेली त्याच्या आदल्या दिवशी आमी दोघं बकऱ्याच्या आतड्यावरून भांडलो. शेवटचं म्हणून काही गोड बोलावं, एवढी अक्कल दोघांनाबी नव्हती.

ती अंगणात तुरी पाखडून राहिली होती, मी चौंडकं घेऊन बसलो होतो. चौंडकं म्हंजे खालच्या तोंडाला कातडं मढवलेला लाकडी डबा. बगलंत दाबायचा. कातड्याच्या भोकातून निघालेली तात, म्हंजे आतड्याची दोरी, एका हातानं ताणायची अन् दुसऱ्यानं छेडायची. नवरात्रात आमच्या घरी देवीचे गाणे म्हणाया आराधी बाया जमायच्या. गोदा गाणं उचलायची, मी वाजवायचो.

"अवो, पोलादाची तार लावा की," ती म्हणली. "तात वल्ल्या हवेत ढिली पडती, मांजर तोंड लावती. वास तर असा, देवी नाक दाबून बसती."

"तार कोकलती."

"तुमच्यापक्षा बरी."

विषय तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसल्या बसल्या गोदा गेली. (भांडण अर्धं टाकून असं उठून जावं का माणसानं?)

तवापसून मला एका जागी बसवंना. ओसरीवरून गोठ्यात, गोठ्यातून ओसरीवर. सून म्हणली, "मामंजी, तुमच्याकडं बघून बैल दमले."

नवरात्र आलं. गोदाची धाकटी बहीण सोजरबाई आमच्याच गावात दिलेली. ती येऊन बजावून गेली: यंदा चौंडकं वाजलं तर गाणे इथं, न्हाई तर वरच्या आळीत. त्यांनी भोंगा आणला होता. गोदाच्या अंगणातलं गाणं मी जित्ता असताना दुसऱ्याच्या दारात जावं? मग ठरवलं, जन्मभर बाईचं ऐकलं न्हाई, आता ऐकू. पोराच्या फटफटीची जुनी क्लचची तार उसवली, तिचा एक पदर काढून चौंडक्याला लावला. जुनी तात मांजराला घातली. म्हंजे माघारी फिरायची वाटबी मीच बंद केली.

दिवेलागणीला घटापुढं बाया बसल्या. मी पहिला हात मारला. एस.टी.च्या कंडक्टरनं घंटी ओढावी तसा आवाज! एक म्हातारी सवयीनं पिशवी घेऊन उठाया लागली. बाया गालात हसल्या. मला आला राग. सारी ताकद लावून तार ताणली. तार बोटात रुतली, गाठीसकट कातड्यातून निसटली, माझीच मूठ माझ्या नाकावर आली अन् मी मागं नैवेद्याच्या भगरीत बसलो. (भगर नुकतीच उतरवली होती. याच्यापुढं विचारू नका.)

सोजरबाईनं पदर तोंडात कोंबला तरी हसू फुटलंच. मग सगळ्याच सुटल्या. हसणं सरल्यावर तिनं इचारलं, "दाजी, ही तार काहून लावली?"

"तुमची बहीणच सांगून गेली."

"अक्का? आमच्यापाशी तर म्हणायची, तातच पाहिजे. तारेवर गळा लागत न्हाई म्हणायची."

"मग मला काहून जन्मभर तार तार करायची?"

"तुमी तार लावली असती तर तात म्हणली असती." सोजरबाई डोळे पुसून राहिली होती, हसून का कशानं, ठाऊक न्हाई. "तुमी दुसरं बोलायचे काय तिच्यासंगं, दाजी?"

मी भगरीतच बसून राहिलो. कातडं वाचलं होतं, गाठ निसटू नये म्हणून खालून भोकाचं जुनं नाणं लावलं की झालं. पण तातीबिगर गाणं न्हाई. सोजरबाईनं मला उद्याच्या सांजेपर्यंत सवलत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपनं सेनगाव गाठलं. अनवाणी, उपाशी, कपाळभर कुंकू, अन् नवरात्रात मटणाच्या दुकानापुढं सगळ्यात पहिला मी उभा. दुकानदार चमकला. "चाचा, उपास ना तुमचा?"

"आतडं दे, लांब बघून."

"घरी इचारलं का?"

"घरूनच सांगितलंय. बायकोनं."

मागं आमच्या गावचे दोघं जीपची वाट बघून राहिले होते. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. आता गावात दोन मतं हायेत: म्हातारा उपास मोडून बाटला, का बायको गेल्यापासून येडा झाला. मी दोन्हीला व्हय म्हणतो. भांडायला घरात हायेच कोण!